शिशाच्या डब्यातली साखर

लांबूनच ऐका. पुढे येऊ नका. तसे तुम्ही येणार नाहीच म्हणा, माझ्याजवळ कोणी येत नाही.

मी साखर बोलतेय. चहातली नाही हो! चहातली साखर बरणीत पाय पसरून बसते आणि मुंग्यांची वाट बघते, तिला कसली घाई? मी सुईतून माणसाच्या अंगात जाणारी साखर. माझ्यातून किरण निघतात. मी आत जिथे जिथे जाते तिथे चमकते आणि डॉक्टरांना बाहेर पडद्यावर शरीराच्या आतलं चित्र दिसतं. रेडिओअ‍ॅक्टिव्ह म्हणतात मला. झालं! लगेच खुर्ची मागे सरकवलीत ना? सरकवा, सरकवा. मलाही तुमची फारशी हौस नाहीये.

सरळच सांगते, मला माणसं आवडत नाहीत. आणि मला वेळही नाही. दोन तास व्हायच्या आत मी निम्मी होते. मग त्या निम्म्याची निम्मी. तुम्ही एक पिक्चर बघून, पार्किंगमधून गाडी काढून बाहेर येता तोवर माझं निम्मं आयुष्य उडालेलं असतं. म्हणून मी भरभर बोलते. कोणाला चालत नसेल तर कान बंद करा.

माझा जन्म पाण्यातून झाला. ऐकायला किती छान वाटतं ना? कसलं डोंबलाचं छान! एका तळघरात, हात पसरले तरी मावणार नाहीत एवढ्या जाड भिंतींच्या आत एक मशीन आहे. ते अगदी बारीक कणांना गरगर फिरवतं, त्यांना वेड लागेल इतका वेग देतं आणि थेंबभर पाण्यावर सोडतं. त्या माराने पाण्यातले काही अणू बदलतात आणि किरण फेकायला लागतात. म्हणजे मी जन्मले तीच मार खाऊन. वर अपेक्षा काय, तर हिने गोड बोलावं!

मग नळीतून पळवत मला शिशाच्या एका कपाटात नेलं आणि तिथे साखरेच्या सांगाड्याला जोडलं. कपाटाला जाडजूड काच. काचेपलीकडे एक केमिस्ट उभा होता. जगात आल्यावर मला पहिलं तोंड दिसलं ते त्याचं, आणि ते जांभई देत होतं. त्याने माझा एक थेंब काढून तपासला, मान हलवली आणि म्हणाला, "पास."

पास! कौतुक नाही, स्वागत नाही. लगेच लांब चिमट्याने उचललं आणि शिशाच्या डब्यात टाकून झाकण फिरवलं.

हा डबा कसा असतो सांगू? हात घातला तर दोन बोटं जातील एवढीच आत जागा, आणि वजन असं की उचलणाऱ्याची कंबर बोलायला लागते. सगळं वजन भिंतींचं. माझ्यापासून तुम्हाला वाचवायला. मला तुमच्यापासून कोणी वाचवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

गाडीवाल्याने डबा मागे पट्ट्याने बांधला आणि निघाला. त्याच्या बायकोचा फोन आला. त्याने स्पीकरवर टाकला, त्यामुळे मलाही ऐकावं लागलं.

"आज घरात शिरायच्या आधी बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे. त्या डब्याचं काही लागायला नको."

"अगं काही लागत नाही. शिशाचा डबा आहे."

"मग शर्टाला ती पट्टी कसली लावतोस?"

"ती किरण मोजायला असते."

"बघ! म्हणजे मोजण्याइतके लागतातच ना!"

गाडीवाल्याने फोन ठेवून दिला. मी मात्र आतल्या आत धुमसत होते. बाई, मी तुझ्या नवऱ्याला हात तरी लावला का? त्याच्या पाठीला पाठ लावून बसलेय, तेसुद्धा मध्ये एवढं शिसं!

त्यात सिग्नलला आम्ही अडकलो. गाडीवाला हॉर्नवरच बसला. "ओ काका! डावीकडचा इंडिकेटर केव्हाचा चालू आहे तुमचा! वळा तरी, नाहीतर तो बंद तरी करा! इथे माझा माल मरतोय!"

पुढच्या गाडीतून कोणीतरी संथ आवाजात म्हणालं, "ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. शिकणाऱ्याला घाई करायची नसते."

माल. माल म्हणाला मला. पण मरतोय हे खरं बोलला. त्या टकटक करणाऱ्या इंडिकेटरच्या मागे मी आयुष्याचा चांगला लचका गमावला. त्या काकांचा आवाज मी लक्षात ठेवला.

हॉस्पिटलात मला घ्यायला एक टेक्निशियन बाई आली. हिचे हात म्हणजे वीज. शिशाच्या आडोशामागे उभी राहिली, काचेतून बघत मला सिरिंजमध्ये ओढलं, मोजलं, सिरिंजवर धातूचं जाड कवच चढवलं, बास. मला बघितलं पण नाही. ती जितकी पटकन काम करेल तितकी तिला मी कमी लागते, म्हणून ही घाई. माझी घाई वेगळी, तिची वेगळी, पण दोघींना एकमेकींपासून सुटायचंच होतं.

तिच्या मागच्या पडद्यावर एक जुनं चित्र लावलेलं होतं. पेशंटचं मागच्या वेळचं. मानेच्या डाव्या बाजूला चमचमते मणी, एकाखाली एक. मी बघितलं आणि मला शहारा आला. ते मणी म्हणजे माझ्या आधीच्या बहिणी. तिथे वाढणाऱ्या आजाराला भयंकर भूक असते. त्याला साखर दिसली की तो ओरबाडून ओढतो. माझं काम एवढंच, आत जायचं आणि अजून तिथे कोणी भुकेलं बसलंय का ते दाखवायचं.

खुर्चीत पेशंट बसली होती. ड्रायव्हिंग शिकवणारी बाई. शिकणारे तिला ब्रेकबाई म्हणतात, कारण शेजारच्या सीटसमोर, पायाशी, शिकवणाऱ्यासाठी जो जादा ब्रेक असतो त्यावर हिचा उजवा पाय सतत असतो. शिकणाऱ्याने नुसता श्वास जोरात घेतला तरी हिचा ब्रेक लागतो म्हणे. केस नुकते परत यायला लागलेले, बोटभर. मानेला स्कार्फ. कपाळावर आठी अशी की चिमटीत पकडून काढावी.

तिच्या शेजारी तिची थोरली बहीण. पर्स पोटाशी धरून उभी. दोघी एकाच रिक्षातून आल्या असाव्यात आणि वाटेत एक शब्द बोलल्या नसाव्यात, हे भिंतीलाही कळत होतं.

टेक्निशियनने बोटाला टोचून रक्तातली साखर बघितली. "सकाळपासून काही खाल्लं?"

"राग," ब्रेकबाई म्हणाली.

"तो चालतो. आता नीट ऐका. इंजेक्शननंतर तासभर खोलीत शांत पडून राहायचं. फोन नाही, चघळायचं नाही, हलायचं नाही, बोलायचं नाही. जो स्नायू काम करेल तो ही साखर स्वतःकडे ओढेल आणि चित्रात उगाच चमकेल."

"बोलायचं पण नाही?"

"एक शब्द नाही."

थोरली पहिल्यांदा हसली. "मॅडम, हे इंजेक्शन दर आठवड्याला देता येईल का?"

"ताई, तू बाहेर जा," ब्रेकबाई म्हणाली. मग टेक्निशियनकडे वळली. "आणि तुम्ही! एवढ्या लांबून हात पुढे करताय, स्वतः अर्ध्या भिंतीमागे उभ्या आहात, आणि ते माझ्या रक्तात घालताय. वा!"

"तुम्हाला एकदा, मला रोज," टेक्निशियन म्हणाली आणि मी आत गेले.

शी! काय ती गर्दी. रक्तात नुसती धक्काबुक्की. मेंदू तर पहिल्या नंबरचा हावरट. आल्या आल्या एवढा मोठा वाटा उचलला. विचार तरी कसले चालले होते त्यात? तर ताई, ताई, ताई! बाकीच्या आम्ही पुढे निघालो. आम्ही कोट्यवधी आहोत हो, एका ठिकाणी थोड्याच असतो? काही मूत्रपिंडाकडे घसरल्या, काही हृदयाकडे गेल्या, काही मानेच्या दिशेने वर. मलाही वर जायचं होतं. मी जन्मले ती मानेसाठी. आयुष्य एवढंसं, त्यात एक तरी कामाची गोष्ट करून मरावं, एवढंच मनात होतं.

ब्रेकबाईला एका छोट्या खोलीत आरामखुर्चीवर झोपवलं. अंगावर जाड पांघरूण, थंडी वाजू नये म्हणून. दिवा मंद. दाराला चौकोनी काच. वर कॅमेरा. नातेवाइकांनी बाहेर बसायचं.

थोरली बाहेर बसली. किती वेळ? दोन मिनिटंही नाही. मग दार दोन बोटं उघडलं आणि फटीतून आवाज आला.

"ऐक. तू आज बोलू शकत नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण होणारय, तेव्हा मी बोलून घेते."

ब्रेकबाईचे डोळे उघडले. ओठ घट्ट मिटलेले.

"गाडीच्या चाव्या मी दिल्या. विचारत होतीस ना, कोणी दिल्या? मीच दिल्या इंडिकेटरकाकांना. तू बादलीत तोंड घालून बसली होतीस आणि खाली शिकायला आलेली माणसं बेल वाजवत होती. त्यांना काय सांगू, मॅडमच्या उलट्या संपल्या की शिकवतील? काका बस चालवून रिटायर झालेले, शिकवायला तयार होते. दिल्या चाव्या."

आणि इथे गंमत सुरू झाली. गंमत तुमच्यासाठी. माझी वाट लागली.

पांघरुणाखाली ब्रेकबाईचा उजवा पाय खाली गेला. जोरात. टाच रोवून, पंजा पुढे. ब्रेक! समोर ना गाडी ना रस्ता, पण एवढ्या वर्षांची सवय. हिला राग आला किंवा भीती वाटली की हिचा पाय ब्रेक शोधतो. आणि पाय कामाला लागला की पायाला साखर लागते.

मला खालून ओढ बसली. "अगं ए! मला वर जायचंय!" मी ओरडले. कोण ऐकतंय?

"आणि हेही ऐक. काकांना दुसऱ्या स्कूलमधून बोलावणं आलंय. ते म्हणतात, गाडी कायमची माझ्याकडे देणार असाल तर थांबतो, नाहीतर चाललो. मी त्यांना आज संध्याकाळी सांगते म्हटलंय. आज चित्र वाईट आलं, परत ट्रीटमेंट करावी लागली, तर गाडी त्यांची. स्कूलच्या पाटीसकट. मी ठरवलंय."

ब्रेक. ब्रेक. ब्रेक.

मांडी कडक, पोटरी दगडासारखी. आम्ही झुंडीने त्या पायात ओढल्या जात होतो. मी पोटरीत येऊन आदळले आणि अडकले ती अडकलेच. माझं असंच आहे, एकदा पेशीने आत ओढलं की मला बाहेर पडता येत नाही. संपलं. ज्या मानेसाठी जन्म, ती मान राहिली वर, आणि मी बसले एका रागीट बाईच्या पोटरीत.

खरं सांगू? त्या क्षणी मला दोघींचा असा संताप आला! एक गप्प बसूनही पाय हलवतेय, दुसरी दाराच्या फटीतून विष ओततेय. तुमच्या भांडणाला बाकीचे सगळे दिवस पडले होते. माझ्याकडे एक दुपार होती. तीच सापडली?

छतातला स्पीकर खरखरला. टेक्निशियन. "नातेवाईक, दार लावा! पेशंट, तुम्ही छान पडून आहात. असंच राहा."

छान! कॅमेऱ्याला पांघरूण दिसत होतं, पांघरुणाखालचा पाय नाही.

दार लागलं. पुन्हा उघडलं. या वेळी एकच बोट.

"तू म्हणशील, मला विचारलंस का? नाही विचारलं. तू मला विचारलं होतंस?" थोरलीचा आवाज एकदम खाली आला. "मानेला गाठ लागली तेव्हा स्कार्फ बांधून फिरत राहिलीस. मला सांगितलं नाहीस. मला कोणाकडून कळलं? शेजारणीकडून. जिन्यात. ती म्हणाली, 'बहिणीची तब्येत कशी आहे आता?' आणि मी म्हणाले, 'ठणठणीत.' ठणठणीत म्हणाले मी! ती माझ्याकडे बघतच राहिली. तुला वाटतं मी चाव्यांसाठी भांडतेय?"

यावर पाय खाली गेला तो वर आलाच नाही. पूर्ण दाबलेला ब्रेक. बाकी सगळं अंग स्थिर, डोळे छताकडे, पापणी लवत नव्हती. अशी माणसं गाडीसमोर काहीतरी आडवं आल्यावर दिसतात.

दार आपोआप बंद झालं.

तासाने तिला उठवून बाथरूमला पाठवलं. तिथून आमच्यातल्या बऱ्याच जणी कायमच्या गेल्या. तुम्हाला वाटत असेल सुटल्या. कसल्या सुटल्या! आमच्यासाठी बाथरूमसुद्धा वेगळं असतं. तिथलं पाणी सरळ गटारात सोडत नाहीत, आधी एका टाकीत कोंडतात, आमचे किरण थंड पडेपर्यंत. जन्मताना भिंत, प्रवासात भिंत, मरतानाही भिंत. एवढी सरबराई तर तुम्ही चोराचीही करत नाही.

मग मशीन. मोठं गोल भोक, त्यात आतबाहेर सरकणारा पाट. ब्रेकबाईचे हात डोक्यावर, पायांना पट्टा. पट्टा! आता सुचलं यांना. टेक्निशियन बाहेर पळाली, जाड दार लोटलं, आणि आम्ही आमचं काम सुरू केलं.

आमचं काम म्हणजे मरणं. आमच्यातली एक मेली की दोन ठिणग्या उडतात, एकमेकींकडे पाठ फिरवून, एक इकडे, एक तिकडे. त्यांना एकमेकींचं तोंडही बघायचं नसतं. पण मशीनच्या कड्यात त्या दोघी एकाच वेळी आदळतात आणि त्या दोन टोकांवरून मशीनला कळतं, या निघाल्या कुठून. दुसरा काही पत्ता नाही. दोघींच्या भांडणाची दिशा, बास.

मी पोटरीतून ऐकत होते. मानेकडे गेलेल्या बहिणींचं काय झालं, मला काहीच माहीत नव्हतं. कोणी सांगणार तरी कसं?

मशीन थांबलं. दार उघडलं आणि टेक्निशियन आत आली. पाट बाहेर ओढला आणि तिची नजर ब्रेकबाईच्या पायावर गेली. क्षणभरच. मग भलतीकडेच बघत म्हणाली, "बाहेर बसा हं. डॉक्टर बोलवतील."

ब्रेकबाईने ती नजर पकडली. शिकणाऱ्यांच्या नजरा वाचण्यात हिचं आयुष्य गेलेलं. बाहेर बाकावर जाऊन बसली. थोरली बाकाच्या दुसऱ्या टोकाला. टेक्निशियनने सांगितलंच होतं, संध्याकाळपर्यंत कोणी हिला चिकटून बसू नका, लहान बाळं आणि गरोदर बायका तर लांबच. दोघींना आयतंच कारण मिळालं.

"काय म्हणाली ती?" थोरलीने विचारलं.

"काही नाही. पाय बघितला माझा."

"पाय? पाय कशाला?"

"मला काय विचारतेस? काकांना फोन कर. सांग, गाडी घ्या. पाटीसकट."

थोरलीने फोन काढला. हातात धरून बसली. लावला मात्र नाही.

डॉक्टरांच्या खोलीत पडदा मोठा होता. डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावून बसलेले. दोघी आत आल्या तरी वळले नाहीत.

"मानेचं सांगा," ब्रेकबाई उभ्या उभ्याच म्हणाली.

"बसा. आधी मला एक सांगा, उजव्या पायाने काय केलंत तुम्ही?"

"म्हणजे?"

"डावा पाय अंधारात आहे. उजवा बघा. मांडी, पोटरी, दिवाळीसारखी उधळण चाललीय साखरेची. स्नायूच दिसतोय, पण एकाच पायाचा का? पळून आलात का एका पायावर?"

थोरलीने बाकीचं ऐकलंच नाही. "पायात? आता पायात पण?" तिचा आवाज फाटला. "अहो मानेत होतं ना, पायात कसं गेलं?"

"झालं तुझं समाधान?" ब्रेकबाई तिच्यावर उसळली. "बोलून घेतलंस ना सगळं? वाक्यं पूर्ण झाली?"

"मी काय केलं?"

"काही नाही! तू कधी काय करतेस!"

"मला न सांगता तू—" थोरली बोलता बोलता थांबली. ती टेबलाखाली बघत होती. "हे काय करतेयस?"

"काय?"

"हे! पाय! डॉक्टर, बघा! बघा, आत्ता पण करतेय!"

डॉक्टर खुर्चीतून वाकले. मी आतून सांगते, त्या वेळी पोटरी अशी आवळली होती की आम्हाला श्वास घ्यायला जागा नव्हती. टेबलाखाली ब्रेकबाईचा उजवा पाय फरशीवर पूर्ण दाबलेला होता.

"ही ड्रायव्हिंग शिकवते," थोरली म्हणाली. "चिडली की ब्रेक मारते. जेवताना मारते, फोनवर मारते. एकदा झोपेत मारला तर कॉट सरकली. तासभर मी दारातून बोलत होते, आणि ही—" ती ब्रेकबाईकडे वळली. "तासभर ब्रेक मारत होतीस माझ्यावर?"

"मग काय करू? बोलायला बंदी होती ना!"

डॉक्टरांनी चष्मा नाकावर घेतला. हसू आवरायला त्यांनी तोंडावर मूठ धरली, पण ते डोळ्यांतून सांडलंच. "टेक्निशियनला सांगतो, पुढच्या वेळी पेशंटला पांघरुणाबाहेर पाय ठेवायला लाव म्हणून. बरं, पाय सोडा. हे बघा." त्यांनी चित्र वर सरकवलं. मान. "मागच्या वेळी इथे होतं सगळं. आज काही नाही. रिकामं आहे. छातीत नाही, पोटात नाही. मला हवं होतं तसं चित्र आहे. पायाचा तमाशा सोडून."



मी पोटरीत बसून ते ऐकलं आणि खरं सांगते, मला कसंतरीच झालं. माझ्या बहिणी तिथे गेल्या होत्या. जिथे मागच्या जणींना ओरबाडून खाल्लं, त्याच दारात. दार वाजवलं असेल. आत कोणी नाही. म्हणून तशाच रक्ताबरोबर पुढे वाहत गेल्या असतील. जन्मापासून सगळे आम्हाला लांब ठेवत आलेत, नको नको म्हणत आलेत, आणि मी प्रत्येकावर चिडत आले. पण हे एक नको असं होतं की ज्यासाठी आम्ही जन्मलो होतो. ते ऐकायला मी तिथे नव्हते. मी पोटरीत होते, यांच्या भांडणामुळे! या गोष्टीचा राग मी सोडणार नाही.

थोरलीने पर्स उघडली, रुमाल शोधला, सापडला नाही, पर्स बंद केली. "म्हणजे तासभर मी उगाच घसा कोरडा केला," ती म्हणाली आणि डॉक्टरांच्या टेबलावरचं पाणी विचारल्याशिवाय पिऊन टाकलं.

"उगाच नाही," ब्रेकबाई खालच्या आवाजात म्हणाली. "शेजारणीचं मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

"तर आधी सांगितलं असतं. शेजारणीला नसतं सांगितलं."

हिला माफी म्हणायची असेल तर म्हणा. मला तर ती गिअर अडकल्यासारखी वाटली.

खाली पार्किंगमध्ये ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती. थोरलीने काकांना तिथेच बोलावलं होतं, उत्तर द्यायला. इंजिन बंद, माणूस बाहेर टेकून उभा, आणि डावीकडचा इंडिकेटर टकटक, टकटक. मी लगेच ओळखलं. हाच तो! माझा सकाळचा मारेकरी!

काकांनी दोघींच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि त्यांना कळलं. "चांगलं आहे म्हणजे," ते म्हणाले. चांगलं हा शब्द त्यांनी लिंबू चावल्यासारखा उच्चारला. "अभिनंदन. क्लच जरा घट्ट झालाय. आरसा मी माझ्या उंचीला लावला होता." चाव्या त्यांनी ब्रेकबाईच्या हातात न देता गाडीला तशाच लावून ठेवल्या.

"काका, तुम्ही सांभाळलंत म्हणून—"

"असू दे. मला दुसरीकडे बोलावलंय." आणि ते निघून गेले. गाडीचा इंडिकेटर चालूच.

ब्रेकबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, तिने आरसा परत आपल्या उंचीला आणला आणि तो इंडिकेटर बंद केला. एवढी शांतता झाली की माझीच टकटक मला ऐकू आली असती, असती तर.

थोरली मागे बसली. ब्रेकबाईपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, दाराला टेकून. "मॅडमने सांगितलंय, चिकटून बसायचं नाही," ती म्हणाली.

"सांगायला नको. तू कधी बसतेस?"

गाडी निघाली.

आता माझं फार उरलं नाहीये. सकाळच्या मानाने चिमूटभर. बाकीच्या ठिणग्या होऊन गेल्या. पण एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. आमच्यातली एखादी मरते ना, ती पूर्ण मरत नाही. किरण फेकून झाला की ती साधी साखर होते. अगदी तुमच्या चहातल्यासारखी. बिनधोक, कोणाला न दुखवणारी, कोणालाही चालणारी. पोटरीत आम्ही एकेक करून अशा साध्या होत होतो आणि तिथेच अडकून पडलो होतो, बिनकामाच्या.

पुढे सिग्नल लाल झाला. ब्रेकबाईने पाय खाली दाबला. या वेळी खरा ब्रेक, खरी गाडी. पोटरी आवळली, तिला ताकद लागली, आणि तिने हाताशी जी साखर होती ती वापरली. मला वापरलं. चिमटा नाही, शिसं नाही, काच नाही. सरळ खाल्लं.

त्याच वेळी मागून आवाज आला. धप्प. थोरलीचा उजवा पाय मागच्या सीटपुढच्या रिकाम्या जागेत जोरात आपटला होता.

"ताई, मागे ब्रेक नाहीये."

"माहितीये मला. तू समोर बघ."

बरं, मी चालले. माझ्याबद्दल कोणाला काही चांगलं बोलायचं असेल तर नको, उशीर झालाय. फक्त पुढच्या वेळी कोणाच्या अंगात माझी बहीण घालाल तेव्हा दाराच्या फटीतून भांडू नका. आधी भांडून घ्या, नाहीतर नंतर. तिच्याकडे एक दुपार असते.

आणि खुर्ची आता पुढे घेतलीत तरी चालेल. मी साधी साखर आहे. पण हात पुढे करायच्या आधी बघून घ्या, सिग्नल हिरवा होत आलाय आणि पुढच्या ब्रेकला मी उरेन असं वाटत नाही.